के शून्य ठेवला तरी आर शून्यावर येत नाही – कोड बरोबर आहे तुमचा

तुमचा प्रश्न असा की १०० न्यूरॉन घेऊन कुरामोतो मॉडेल (आपापल्या वेगाने फिरणारे घटक एकमेकांना ओढून एका लयीत कधी येतात ते दाखवणारं) पायथॉनमध्ये चालवलं, कपलिंग म्हणजे एकमेकांना ओढण्याची ताकद के शून्य ठेवला, तरी ऑर्डर पॅरामीटर आर (० म्हणजे सगळे विखुरलेले, १ म्हणजे सगळे एका लयीत) ०.१ च्या आसपास हलत राहतो, मग बग कुठाय. बग नाहीये. मीही सुरुवातीला याच आकड्यापायी दोन दिवस कोड चाळत बसलो होतो.

१०० ठिपके वर्तुळावर आपापल्या वेगाने फिरतायत, त्यांची सरासरी काढली तर सगळे एकमेकांना बरोब्बर कसे खोडतील? ठिपक्यांची संख्या एन धरली तर एक भागिले वर्गमूळ एन एवढं साधारण उरतंच. एन १०,००० करा, आर ०.०१ च्या आसपास येईल. कुरामोतोंनी १९७५ मध्ये मांडलेला उंबरठा, म्हणजे ज्या के नंतर ठिपके एका लयीत यायला लागतात तो, अनंत एनसाठी आहे, शिवाय एन मर्यादित असला की उंबरठ्याजवळ आर जास्तच हेलकावे खातो, म्हणून एका रनवरून उंबरठा ठरवू नका, सुरुवातीचा भाग टाकून उरलेल्याची सरासरी घ्या आणि दोन-तीन एनवर ताडून बघा.

तपासायला सोपी केस सांगतो. फ्रिक्वेन्सी म्हणजे ठिपक्यांचे वेग लोरेंझियन वितरणातून घ्या, अर्धी रुंदी ०.५, मग उंबरठा १ येतो आणि के २ ला आर ०.७१ च्या जवळ यायला हवा. फक्त या वितरणाची शेपटी फार लांब असते, रँडम घेतलं तर एखादा ठिपका भलत्याच वेगाचा निघतो आणि ऑयलर पद्धतीची ०.१ ची वेळेची पायरी त्याला झेपत नाही. पायरी लहान करा.

आता माझ्या मते खरा मुद्दा. हे न्यूरॉन म्हणावेत का? न्यूरॉन नियमित फायर करत असतील आणि कपलिंग कमजोर असेल तर फेज, म्हणजे वर्तुळावरची जागा, चालतो, पण इनपुट येईपर्यंत गप्प बसणाऱ्या न्यूरॉनला फेज कुठला लावणार! त्यासाठी एर्मेंट्राउट-कोपेल यांचा १९८६ चा थीटा न्यूरॉन घ्या, तो पुरेसा इनपुट येईपर्यंत वर्तुळावर एका जागी थांबतो, कोड जवळपास तोच राहतो. आणि २०१५ चं मोंब्रियो, पाझो, रॉक्सिन यांचं काम नक्की वाचा, खूप सुंदर आहे, सगळे सगळ्यांना जोडलेले आणि इनपुटचा विखुरलेपणा लोरेंझियन असला की अख्खं नेटवर्क दोन समीकरणांत येतं, फायरिंग रेट आणि सरासरी व्होल्टेज. इनपुट एकदम वाढवला की रेट डोलत डोलत स्थिरावतो, हे १९७२ च्या विल्सन-कोवान प्रकारच्या, एकाच गटासाठीच्या साध्या रेट समीकरणात दिसत नाही कारण तिथे व्होल्टेजचा हिशोबच नसतो. तुमच्या सिम्युलेशनमधल्या रेटवर या दोन समीकरणांतून येणारी रेटची वक्ररेषा टाकून बघा.