मेथीची जुडी आणि नेरुळचे तळे

प्रश्न : मी नेरुळला राहते. वय ५१ वर्षे. सिडकोच्या दोन खोल्यांत सासूबाई, यजमान, कॉलेजात जाणारा मुलगा आणि मी असे चौघे राहतो. ठाण्याच्या कचेरीतून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजतात आणि दार उघडताच टीव्ही, कुकर, मोबाइल सगळे एकदम अंगावर येतात. थंडीत रविवारी तळ्याकाठी फ्लेमिंगो पाहायला जाते, तेव्हा मन निवांत होते; घरी मात्र ध्यानाला बसले तरी पाच मिनिटे धड जात नाहीत. अशा घरात शांतता मिळू शकेल का?

उत्तर : ताई, मिळू शकेल, आणि तिची खूण तुमच्याच पत्रात आहे. तळ्याकाठीही सारे निःशब्द नसते. पाम बीच रस्त्यावरची वाहने तिथून फार दूर नाहीत, आलेली माणसे बोलत असतात, लहान मुले ओरडत असतात. तरीही डोके खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाणी गाळत राहणाऱ्या त्या पक्ष्याकडे पाहताना तुमची नजर एका जागी ठरलेली असते आणि तेवढ्या वेळात तुमच्याकडे कोणी काही मागत नसते. निवांतपणा येतो तो या दोन गोष्टींमुळे, असे मला मनापासून वाटते.

म्हणून ध्यानासाठी वेगळा वेळ काढण्याचा आग्रह तूर्त सोडा आणि घरात मुळातच असलेले एखादे काम निवडा. मेथी निवडणे मला त्यासाठी सर्वांत योग्य वाटते. सासूबाईंशेजारी वर्तमानपत्र पसरून बसावे, एकेक काडी उचलून पाने खुडावीत, देठ बाजूला ठेवावेत. हात गुंतलेले राहतात, नजर खाली राहते, बोलले तरी चालते आणि गप्प राहिले तरी कोणाला वाईट वाटत नाही. मनात उद्याच्या डब्याचा विचार येईलच. तो आला म्हणून स्वतःवर रागावू नका, पुढची काडी उचला. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ही शरीराचीच रीत आहे. तेव्हा अधूनमधून तो जरा सावकाश सोडावा. मोबाइल आतल्या खोलीत असू द्या.

मात्र मेथी निवडण्याच्या वीसेक मिनिटांत कुकरकडे पाहणे, दार उघडणे, फोन घेणे ही कामे यजमानांकडे आणि मुलाकडे राहतील, हे त्यांना आधी स्पष्ट सांगा. न सांगता ते आपोआप होईल, अशी आशा ठेवू नका. हाका चालूच राहिल्या, तर मेथी निवडणे हे तुमच्या दिवसातले आणखी एक काम होऊन बसेल. टीव्हीवरून मात्र इतक्यात वाद नको. सासूबाईंची मालिका त्या वेळी असेल, तर ती संपल्यावर बसा. मेथी नसेल त्या दिवशी मटार सोला, लसूण सोला.