मनात आत्महत्येचे विचार येतात हे घरी सांगावं का? समुपदेशकाकडे जाऊन खरंच काही उपयोग होतो का?

'माझ्या एका मित्राला असे विचार येतात' असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, आधी ते बाजूला ठेवू. मीही पहिल्या दिवशी केसपेपरच्या खिडकीवर 'भावासाठी आलोय' असंच म्हणालो होतो. आतल्या माणसानं भावाचं वय विचारलं आणि मी माझंच सांगून बसलो.

घरी सांगितलं तर वेड्यात काढतील का, असं तुम्ही विचारलंय. काढतील, निदान काही जण. तरी सांगा. फक्त कुणाला सांगताय ते बघून सांगा. माझी सुरुवातच चुकीच्या माणसापासून झाली.

मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी विनाअनुदानित शाळेवर शिक्षक. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे एवढ्यावरूनही ओळखतील. 2007 ला लागलो. 'विनाअनुदानित' म्हणजे सरकारचं अनुदान नाही, म्हणून पगार नाही, हे ज्याला कळतं त्याला पुढचं सांगायला नको. 2016 ला वीस टक्के अनुदान आलं तेव्हा पेढे वाटले, पण त्या पैशांत उधारीचं व्याजही फिटत नव्हतं. 2018 च्या दिवाळीनंतर झोप उडाली. पहाटे तीनला टक्क जाग. फळ्यावर तारीख लिहायचो आणि पुढे काय घ्यायचंय तेच आठवायचं नाही. पोरं वाट बघत बसायची. डोक्यात सारखा एकच हिशेब, आपण घरावर भार झालोय. तो हिशेब आजार मांडत होता, हे फार नंतर कळलं.

दादाला सांगितलं. तो गोठ्यात पेंड ठेवत होता. वर न बघता म्हणाला, "अप्पा गेले तवा मी सतरा वर्षांचा होतो. मी केला का असला इचार?" पाटी झटकली, उपडी ठेवली, विषय संपला. जाता जाता वर, "आपल्या घराण्यात असलं नसतं." घराण्याचं माहीत नाही. महाराष्ट्राचं विचाराल तर 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली, त्यांतल्या 22,746 आपल्या राज्यातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. एवढी माणसं काय बिनघराण्याची होती?

मग सरकारी दवाखाना. मनाचे डॉक्टर आठवड्यातून एकच दिवस यायचे. बाकड्यावर तीन तास बसून नंबर लागला. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण बाहेर साठ-सत्तर जण. झोप येते का, भूक लागते का, आणि त्याच दमात, "जीव द्यावासा वाटतो का?" दार सताड उघडं. दारात शिपाई पुढचा नंबर पुकारत उभा, आणि त्याच्या मागे सातवीतल्या एका पोराची आई, पदर तोंडाला लावून, माझ्याकडे बघतेय. मी म्हणालो, "नाही." डॉक्टरांनी 'नाही' लिहिलं. गोळ्या दिल्या पंधरा दिवसांच्या. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे कुणी सांगितलं नाही. नवव्या दिवशी मी त्या सोडल्या.

मानसिक आरोग्याच्या सोयी कमी आहेत असं सगळे म्हणतात, डॉक्टर नाहीत म्हणतात. खरंय. पण त्या दिवशी डॉक्टर होते, खुर्ची होती, प्रश्नसुद्धा बरोबर होता. दार लावायचं तेवढं राहिलं.

शेतकऱ्यांसाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे. आशाताई घरोघरी जाऊन मन कसं आहे ते विचारतात, फॉर्म भरतात. कल्पना चांगली. आमच्याकडची आशा म्हणजे आमची चुलतवहिनी. तिला दादा खरं सांगणार? "लिव्ह, समदं बरं हाय," म्हणाला आणि चहा पाजून लावून दिली. म्हणजे कर्ज त्याच्या नावावर, रात्री जागाही तोच, आणि कागदावर समदं बरं.

मला विचारलं ते शाळेच्या शिपायानं, मामांनी. मधल्या सुट्टीत मी वर्गातच बसून राहायला लागलो होतो. मामा आले, दार ओढून घेतलं आणि सरळ म्हणाले, "सर, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" इतकं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. मी हो म्हणालो. ते ना रडले, ना त्यांनी उपदेश केला. त्या दिवसापासून संध्याकाळी माझ्यासोबत घरापर्यंत चालत यायचे, बायकोशीही तेच बोलले. शेतातल्या खोलीची किल्ली दादाकडून मागून स्वतःकडे ठेवली, कारण न सांगता. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात सोबत आले. तिथल्या सिस्टरला त्यांनी हळूच काहीतरी सांगितलं. तिनं बीपी घ्यायला म्हणून मला आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली. मग मी सगळं बोललो. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरतो, असं लोकांना वाटतं. शिरत नाही. विचारल्यावर सुटल्यासारखं होतं.

समुपदेशकाबद्दल. चांगला मिळाला तर उपयोग होतो, मला पुढे एक बाई मिळाल्या, चार वेळा भेटलो, खूप फरक पडला. पण समुपदेशनाच्या नावावर काहीही खपतं. आम्हा शिक्षकांना एकदा ताणतणावाचं प्रशिक्षण दिलं. दोन तास पडद्यावर चित्रं, छंद जोपासा, सकारात्मक राहा, शेवटी समोसा. नऊ वर्षं बिनपगारी राबलेल्या माणसानं कोणता छंद जोपासायचा? औषधानं माझा पगार झाला नाही, तो कुठलाच डॉक्टर करणार नव्हता. झोप मात्र यायला लागली, आणि अनुदानासाठीच्या पुढच्या आंदोलनाला मुंबईत आझाद मैदानावर जाऊन बसण्याइतकं अंगात बळ आलं.

पोलीस केस होते का, असंही तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी विचारलंय. विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न करणं गुन्हा होता, जुन्या दंड संहितेचं कलम 309. ते मुंबई उच्च न्यायालयानं 1986 मध्येच घटनाबाह्य ठरवलं होतं, तेही एका पोलीस शिपायाच्याच प्रकरणात. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा वैध ठरवलं. पुढे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आलं की अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरून चालायचं, खटला भरायचा नाही. दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून आलेल्या न्याय संहितेत 309 नाहीच. सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिलाय. त्याच 2017 च्या कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्कही दिलाय, जिवाला धोका असेल तिथे मात्र अपवाद आहे. अर्थात हा हक्क बाकड्यावरच्या बायांना लागू नाही. महिन्याभरात गावभर झालंच.

आणि मग पुतणीची ठरत आलेली सोयरीक मोडली. दादा आजही म्हणतो, तू दवाखान्याची पायरी चढलास म्हणून मोडली. ह्याच्यावरून आम्ही तीन वर्षं नीट बोललो नाही. 'घरी सांगावं का' वाचून म्हणूनच एवढं लिहीत सुटलो.

मी डॉक्टर नाही. माझ्या गोळ्या तुम्हाला लागू पडतील असं नाही, आणि माझ्यासारख्या मनानं सोडू तर अजिबात नका. मामांसारखं माणूस आसपास नसेल तर 14416 वर फोन करा. सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, टेली मानस म्हणतात, ऑक्टोबर 2022 पासून आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. दवाखान्यात गेलात तर बसायच्या आधी म्हणा, "डॉक्टर, दार लावू का?" आणि आज रात्रच अवघड वाटत असेल तर हे सगळं राहू द्या, आत्ता कुणाला तरी उठवा, जवळ बसवा, आणि मगच फोन लावा.

ता.क. दादा, तू हे वाचणार नाहीस, तरी लिहून ठेवतो. मध्यस्थ मागच्या वर्षी एसटी स्टँडवर भेटला होता. म्हणाला, पोराकडच्यांना मोटरसायकल पाहिजे होती.