साठी उलटल्यावरही काम करायचंय, पण कंपन्या वय पाहूनच नकार का देतात?

मालकांना मुख्य धास्ती असते ती ही, की हा माणूस पगार जास्त मागेल आणि नवीन काही शिकणार नाही. ‘लवकर सोडून जाईल’ असंही म्हणतात, पण ते मला पटत नाही; भराभर नोकऱ्या बदलतात ते बहुतेक तरुणच.

अडचण बऱ्याचदा वयाची नसतेच, कामाच्या जागेची असते. बीएमडब्ल्यूने 2007 मध्ये जर्मनीतल्या डिंगोल्फिंग कारखान्यात एका लाइनवर मुद्दाम जास्त सरासरी वयाचे कामगार नेमले आणि त्यांनाच विचारून सुमारे 70 छोटे बदल केले. पायाखाली लाकडी फळ्या, बसायला खुर्च्या, बारीक काम दिसावं म्हणून भिंगं. खर्च किरकोळ, आणि वर्षभरात उत्पादकता 7 टक्क्यांनी वाढली!

कायदेही बदलताहेत. ब्रिटनने 65 व्या वर्षी सक्तीने निवृत्त करण्याची सर्वसाधारण मुभा 2011 मध्ये काढून टाकली.

तुम्ही मुलाखतीत ‘मला तीस वर्षांचा अनुभव आहे’ इथून सुरुवात करू नका. गेल्या वर्षा-दोन वर्षांत नवीन काय शिकलात ते दाखवा, आणि रोज किती तास, अजून किती वर्षं काम करायची तयारी आहे हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाका.