वाचक विचारतात: जिंकलेलं राज्य गॅरिबाल्डीने देऊन का टाकलं?

प्रश्न: सावरकरांमुळे इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी थोडाफार माहीत आहे, पण गॅरिबाल्डीबद्दल शाळेत वाचलेल्या दोन ओळी, तेवढंच. हा माणूस म्हणे हजार लोक घेऊन निघाला, अर्धा इटली जिंकला आणि सगळं राजाच्या हातात देऊन शेती करायला निघून गेला. खरं आहे का हे? आणि खरं असेल तर तो भोळा होता की काय?

उत्तर: खरं आहे, पण भोळा अजिबात नव्हता.

५ मे १८६० च्या रात्री तो जेनोवाजवळच्या क्वार्तोहून दोन स्टीमर घेऊन निघाला, बरोबर हजाराच्या थोडे वर स्वयंसेवक, त्यात वकील, डॉक्टर, विद्यार्थी असले लोक जास्त, आणि बंदुका बऱ्याचशा जुन्यापुराण्या. समोर सिसिलीत, नेपल्स आणि सिसिलीवर राज्य करणाऱ्या बूर्बोन घराण्याच्या राजाचं २० हजारांच्या वर सैन्य. ११ ला मार्सालाला उतरला, १५ ला कालाताफिमीची लढाई जिंकली, महिनाअखेरीस पालेर्मोत घुसला आणि ७ सप्टेंबरला नेपल्सला चक्क ट्रेनने पोचला, कारण हा बूर्बोन राजा आदल्या दिवशीच शहर सोडून गेला होता.

आता तुमचा मुद्दा. लोक हे विसरतात की सिसिलीत उतरल्यावर तीनच दिवसांत सालेमी गावात त्याने स्वतःला डिक्टेटर घोषित केलं ते पीडमाँटच्या, म्हणजे उत्तर इटलीतल्या राज्याच्या, राजा व्हिक्टर इमॅन्युएलच्या नावाने. म्हणजे राज्य कोणाला द्यायचं हे पहिल्यापासून ठरलेलं होतं, शेवटी अचानक मन मोठं झालं असं काही नाही. मनाने तो रिपब्लिकनच, तरुणपणी मॅझिनीच्या संघटनेत होता, १८३४ च्या फसलेल्या उठावानंतर त्याला त्याच पीडमाँटच्या कोर्टाने मृत्युदंड सुनावला होता, तो पळून दक्षिण अमेरिकेत गेला म्हणून वाचला. पण १८४९ मध्ये रोमचं रिपब्लिक फ्रेंच तोफांपुढे पडलं, माघार घेताना त्याची गरोदर बायको अनिता वाटेतच गेली, आणि त्यानंतर त्याचा हिशोब बदलला: आधी देश एक होऊ दे, राजा की रिपब्लिक ते नंतर बघू. मॅझिनीला हे कधीच पूर्ण पटलं नाही.

शिवाय लष्करी बाजू होतीच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्होल्तुर्नो नदीवर त्याच्या लोकांनी बूर्बोन हल्ला परतवला खरा, पण काप्वाचा किल्ला काही हाती येईना, आणि उत्तरेकडून पीडमाँटचं सैन्य खाली येत होतं, कारण गॅरिबाल्डी रोमवर गेला तर तिथे पोपच्या रक्षणासाठी असलेल्या फ्रेंच फौजेशी भांडण लागेल ही पीडमाँटचा पंतप्रधान काव्हूरची धास्ती. याच काव्हूरने त्याच वर्षी गॅरिबाल्डीचं जन्मगाव नीस फ्रान्सला देऊन टाकलेलं, त्यामुळे दोघांचं किती पटत असेल ते तुम्हीच समजा! २१ ऑक्टोबरला व्हिक्टर इमॅन्युएलच्या राज्यात सामील होण्यावर दक्षिणेत सार्वमत झालं, २६ ला तेआनोजवळ त्याची आणि गॅरिबाल्डीची भेट. अडून बसला असता तर इटालियन विरुद्ध इटालियन लढाई झाली असती.

आणि काही न मागता गेला हेही पूर्ण खरं नाही. दक्षिणेचा कारभार वर्षभर माझ्याकडे द्या म्हणाला, राजाने नाही म्हटलं. आपल्या स्वयंसेवकांना सैन्यात नीट सामावून घ्यावं हा आग्रह होता, त्याचीही टाळाटाळ झाली, आणि माझ्या मते त्याला खरं लागलं ते हेच. पदव्या, इस्टेट वगैरे मात्र नाकारल्या आणि काप्रेरा बेटावर गेला. गप्प बसला असंही नाही हं, १८६२ ला परत रोमकडे निघाला तेव्हा आस्प्रोमाँतेला इटलीच्याच सैन्याने त्याच्या पायात गोळी घातली.

प्रश्न: गॅरिबाल्डीचे स्वयंसेवक लाल शर्ट घालायचे ना, मग लालच का?

उत्तर: माँटेव्हिडिओत १८४३ ला इटालियन तुकडी उभी केली तेव्हाची गोष्ट. अर्जेंटिनाच्या कत्तलखान्यातल्या कामगारांसाठी आलेलं लाल कापड युद्धामुळे पडून होतं, ते स्वस्तात मिळालं, असं सांगतात.

प्रश्न: अमेरिकेच्या यादवी युद्धात लढायला लिंकनने त्याला खरंच बोलावलं होतं?

उत्तर: हो, १८६१ मध्ये अमेरिकन सरकारकडून मेजर जनरलच्या पदाची ऑफर गेली होती. याने दोन अटी घातल्या, सगळ्या सैन्याची कमान माझ्याकडे आणि गुलामगिरी बंद केल्याची घोषणा. तेव्हा दोन्ही जमण्यासारखं नव्हतं, विषय तिथेच संपला.