बोलण्याआधी हात-पाय हलू द्या

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले, तरी एकेकाला उभे करून ‘माय नेम इज’ म्हणायला सांगितले की मुले मान खाली घालतात, काही तर रडकुंडीला येतात. त्यांची भीड चेपावी म्हणून कोणते खेळ घ्यावेत?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : सगळा वर्ग आपल्याकडे पाहत असताना परक्या भाषेत एकट्याने बोलणे मोठ्यांनाही जड जाते, तेव्हा उभे राहून ओळख सांगण्याचा हा प्रकार सध्या थांबवावा, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे तुमच्या मुलांच्या कानावरून ही भाषा दोन वर्षे गेलेली आहे, फक्त ती ओठांवर यायची आहे.

‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ त्यांना येत असेलच. त्यातल्या आज्ञा इंग्रजीतून द्या : ‘शिवाजी म्हणतो, टच युअर नोज.’ पहिले काही दिवस प्रत्येक कृती स्वतः करून दाखवा. ऐकायचे आणि हालचाल करायची, बोलण्याची सक्ती नाही, या तत्त्वावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी भाषाशिक्षणाची एक पद्धतच उभी केली. ‘नीज’ म्हटल्यावर एखादी मुलगी आधी शेजारणीकडे पाहते आणि मग हळूच गुडघ्याला हात लावते. त्या पाहण्याला नक्कल म्हणून टोकू नका, कारण शब्द आणि अर्थ यांची गाठ तिथेच पडत असते. चुकणाऱ्याला बादही करू नका. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे, तोच मग भिंतीला टेकून बसून राहतो.

नावे सांगण्यासाठी ‘मामाचं पत्र हरवलं’ घ्या. रुमालाऐवजी मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या ठेवा, नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत लिहा. ज्याच्या पाठीमागे चिठ्ठी पडेल त्याने ती उचलून, तिच्यावर ज्याचे नाव असेल त्या मुलाजवळ जायचे आणि ‘आर यू सायली?’ असे विचारायचे. समोरची ‘येस, आय ॲम’ म्हणते. बोलणे एकाशीच असल्यामुळे संकोच बराच कमी होतो.

बस, बॉल, आउट, पेन्सिल, मोबाइल हे शब्द मुले घरीदारी वापरतातच. त्यांची यादी फळ्यावर त्यांच्याकडूनच करून घ्या. आपल्याला एवढे इंग्रजी येते हे पाहून त्यांचे चेहरे खुलतात.

कोणी ‘माय नेम सायली’ म्हणाले, तर तिला न थांबवता ‘येस, युअर नेम इज सायली’ असे हसून म्हणावे. रोज दहा मिनिटे पुरतात, पण एकच खेळ सलग आठवडाभर घ्या, कारण लहान मुलांना ओळखीच्या खेळातच धीर येतो. एखादे मूल महिनाभर गप्प राहिले तरी सूचनेबरोबर त्याची हालचाल होत असेल, तर ते शिकते आहे असे समजा आणि बोलण्यासाठी त्याच्यामागे लागू नका.