मारियाच्या आधीची बनवलेली माणसं

प्रश्न: परवा मेट्रोपोलिस पाहिला, त्यातला नायिका मारियासारखा बनवलेला रोबोट बघून अक्षरशः काटा आला अंगावर. मूकपटात माणसाने बनवलेला माणूस आला तो हाच पहिला का? आणि तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, मग असले सीन करायचे तरी कसे?

उत्तर: पहिला नाही हो, त्याच्या बराच आधी येऊन गेलाय. मेट्रोपोलिस १९२७ चा, पण अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने १९१० मध्येच फ्रँकेन्स्टाइन केला होता, जेमतेम १५ मिनिटांच्या आसपासचा. त्यातला राक्षस जन्मतो तो सीन जरूर बघा, भल्यामोठ्या भांड्यातून धूर येतोय आणि सांगाड्यावर हळूहळू मांस चढत जातं. केलं काय, तर एक पुतळा जाळला, तो जळताना शूट केला आणि मग फिल्म उलटी चालवली! म्हणजे जे जळून गळून पडत होतं तेच आपल्याला अंगावर चढताना दिसतं. मला तर हे आजही मेट्रोपोलिसपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

मेट्रोपोलिसमध्ये रोबोटभोवती प्रकाशाची कडी वरखाली होतात ना, ती त्याच फिल्मवर परत परत एक्सपोजर देऊन, म्हणजे एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा शूट करून आणलीत. आणि त्या पत्र्यासारख्या दिसणाऱ्या सूटच्या आत मारियाचं काम करणारी नटी ब्रिगिट हेल्म स्वतःच आहे, तिच्या अंगाचा साचा घेऊन तो बनवला होता, वयाने अजून पोरगीच होती ती तेव्हा आणि चेहरा दिसणार नव्हता तरी आत तीच उभी राहिली, किती त्रास झाला असेल बिचारीला.

पण तुम्हाला खरंच या विषयाची गोडी लागली असेल तर होमुन्कुलस शोधा. जर्मनीत १९१६ मध्ये, ऐन महायुद्धात आलेला सहा भागांचा सिनेमा, दिग्दर्शक ओटो रिपर्ट. प्रयोगशाळेत जन्मलेला माणूस, दिसायला देखणा, हुशार, पण प्रेम म्हणजे काय ते त्याला कळतच नाही, आणि आपला जन्म कसा झाला हे समजल्यावर तो अख्ख्या मानवजातीवर उलटतो. मारियाचा रोबोट दुसऱ्याच्या हुकमाने वागतो, त्याला स्वतःचं दुःख असं नाहीच, याला मात्र आहे, म्हणून हा मनात जास्त रुतून बसतो. बरीच वर्षं याचे तुकडेच उरले होते, म्युनिकच्या फिल्म म्युझियमने ते जुळवून २०१४ मध्ये पुन्हा उभा केला.

ज्यू दंतकथेतल्या गोलेमला मी यात धरत नाही, तो मातीचा आणि मंत्राने उठलेला, त्यात सायन्स नाही. आणि हेल्म आवडली असेल तर तिचाच १९२८ चा आलराउने बघा, त्यात तर ती प्रयोगातून जन्मलेली मुलगीच झालीय.