घरच्या टोमॅटोचे बी कसे धरावे?

प्रश्न : कुंडीतल्या टोमॅटोचे बी मागच्या हंगामात फळातून काढून तसेच कागदावर वाळवले होते. त्यातले थोडेच उगवले आणि जी झाडे वाढली, त्यांची फळे मूळ फळांसारखी नव्हती. असे का झाले असावे?

उत्तर : या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. फळे निराळी आली, यात वाळवण्याचा दोष नाही. मूळ रोप संकरित वाणाचे असेल, तर पुढच्या पिढीत मातृ आणि पितृ वाणांचे गुण विखुरतात आणि एकाच फळातल्या बियांपासूनही निरनिराळी झाडे निघतात. कितीही काळजी घेतली तरी हे टळत नाही, म्हणून बी सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचेच धरावे. टोमॅटोच्या फुलात पराग तयार करणाऱ्या परागकोषांची नळी पराग स्वीकारणाऱ्या कुक्षीला वेढून असते, त्यामुळे बहुधा स्वपरागीभवन होते, म्हणजे फुलाचाच पराग त्याच फुलाला मिळतो, आणि शेजारी दुसरा वाण असला तरी सरळ वाण बराचसा शुद्ध राहतो.

सर्वांत मोठे फळ शोधण्यापेक्षा सर्वांत निरोगी झाड शोधावे, असा माझा आग्रह आहे. कारण मोझॅकसारखा विषाणूजन्य रोग बियांबरोबर पुढच्या हंगामात जाऊ शकतो. निवडलेले फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यावे.

आता उगवणीविषयी. बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्ये असतात; फळात असतानाच बियांना मोड येऊ नयेत, अशी ती सोय आहे. ते आवरण न काढता बी वाळवले, तर उगवण लांबू शकते. यासाठी गरासह बी काचेच्या भांड्यात काढून त्यात थोडे पाणी घालावे, वर फडके बांधावे आणि रोज ढवळत २ ते ३ दिवस आंबू द्यावे. उग्र वास येईल, पांढरा पापुद्राही धरेल, पण त्याने बी बिघडत नाही. मात्र त्याहून फार दिवस ठेवल्यास भांड्यातच मोड फुटतात. मग पाणी घालून तरंगणारा गर व पोकळ बी ओतून द्यावे आणि तळाशी बसलेले भरीव बी चाळणीत स्वच्छ धुवावे. ते कागदाला घट्ट चिकटते, म्हणून चिनी मातीच्या बशीत पातळ पसरून सावलीत खडखडीत वाळवावे. वाणाचे नाव आणि वर्ष लिहिलेल्या पाकिटात घालून ते हवाबंद बरणीत, थंड व कोरड्या जागी ठेवल्यास साधारण ४ वर्षे चांगले उगवते.

आपल्याकडे जुने बी उरले असेल, तर त्यातल्या १० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात आणि १० दिवसांत किती बियांना मोड येतात, ते पाहून मगच पेरणीचा निर्णय घ्यावा.